खाडा बापाचा, घट मुलाच्या वजनात

ऑगस्टमध्ये आमच्या ओपीडीत चौदा महिन्यांची एक मुलगी आली. महिनाभरात तिसऱ्यांदा जुलाब. दंडाचा घेर 11.3 सेंटिमीटर, तो 11.5 च्या खाली गेला की आम्ही अतितीव्र कुपोषण म्हणतो. मी आईला सवयीने सांगितले, "वरणभात द्या, अंडे द्या, केळे द्या." ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पावसामुळे ह्यांना बारा दिवस नाक्यावर काम नाही. दुकानदार आता उधार देत नाही." पोर चहा-बिस्किटावर होती. चहाने अन्नातले लोह नीट शोषले जात नाही, हेही मी सांगणार होतो. गप्प बसलो.

पनवेल परिसरात सकाळी नाक्यावर उभे राहणारे बिगारी, गवंडी, रंगारी रोजावर जगतात. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, खाडे वाढतात आणि नेमके तेव्हाच दूषित पाण्याने जुलाब येतात. जुलाबातून उठलेल्या मुलाला निदान दोन आठवडे रोज एक जेवण जादा लागते. घरात पैसा नसतो तेव्हाच. मग पुढच्या जुलाबात ते आणखी एक पायरी उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय होता. आपण स्वतःला श्रीमंत राज्य म्हणवतो!

रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी आपण केला, 1977 साली; पण तो खेड्यासाठी. 2016 मध्ये पनवेल महापालिका झाली, आसपासची गावे तिच्यात आली. गावाचे शहर झाले, हमी मागे राहिली. राजस्थानने 2022 मध्ये शहरांसाठी 100 दिवसांची हमी योजना आणली. आपण निदान पावसाळ्यापुरती आणायला काय हरकत आहे? डासांच्या अळ्या शोधायला आम्हाला याच दिवसांत माणसे कमी पडतात.

अंगणवाडीचा आहार आहे, पण कुटुंब बांधकामाबरोबर फिरते. नाव गावच्या अंगणवाडीत, मूल इथे.

हल्ली मी केसपेपरवर एक ओळ जादा लिहितो : गेल्या सात दिवसांत घरात किती दिवस काम लागले? औषधाइतकीच ती मला उपयोगी पडते. सगळ्याच रुग्णालयांनी ती लिहावी.

त्या मुलीला दाखल केले. चौथ्या दिवशी ऊन पडले, वडिलांना काम लागले. घरी चार वर्षांचा मुलगा एकटा, म्हणून आई सुट्टी मागू लागली. मी चौदा दिवसांचा आग्रह धरला. ती म्हणाली, "आज रोज बुडवला तर उद्या त्याला काय घालू?" शेवटी मुलालाही वॉर्डात आणायला सांगितले. नियमात बसत नव्हते. आता दोघेही खाटेवर जेवतात.