सहा महिन्यांचा आकडा

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो आणि आरोग्य केंद्रापासून अंगणवाडीपर्यंत एकच वाक्य ऐकू येते: पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीही नको. आशाताईंना ते पाठ आहे. बाळाला गुटी आणि मध चाटवायला निघालेल्या आजीला ते पटवणे, हे त्यांचे खरे काम. पण हा सहाचा आकडा फार जुना नाही. २००१ पर्यंत जागतिक आरोग्य संघटना ‘चार ते सहा महिने’ असेच सांगत होती. दुधाच्या डब्यांच्या विक्रीला लगाम घालणाऱ्या आपल्या १९९२ च्या कायद्यातही शिशुआहार म्हणजे चार महिन्यांनंतरचा पूरक आहार, अशी व्याख्या होती. २००३ च्या दुरुस्तीने चारच्या जागी सहा आणले. हे दोन महिने कुठून आले?

आईच्या दुधाचा परिणाम मोजणे अवघड असते. अर्ध्या बाळांना ते द्या, अर्ध्यांना देऊ नका, असा प्रयोग कोणी करू शकत नाही. नुसती तुलना करावी, तर अंगावर पाजणाऱ्या आणि बाटली देणाऱ्या आयांच्या शिक्षणात, मिळकतीत, घरात इतके फरक असतात की निकाल दुधाचा की परिस्थितीचा, हे कळत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मायकेल क्रेमर यांनी यातून वाट काढली ती बेलारूसमध्ये. तिथल्या ३१ प्रसूती रुग्णालयांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटातल्या कर्मचाऱ्यांना स्तनपानासाठी आईला मदत कशी करावी, याचे प्रशिक्षण दिले. दुसरा गट नेहमीप्रमाणे चालू ठेवला. म्हणजे वाटली ती फक्त मदत. १७,०४६ माता-बालकांच्या या अभ्यासात तीन महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावर पिणारी बाळे पहिल्या गटात ४३.३ टक्के निघाली, दुसऱ्यात ६.४. पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेली बाळे अनुक्रमे ९.१ आणि १३.२ टक्के होती. श्वसनाच्या संसर्गात मात्र ठोस फरक दिसला नाही. पुढे हीच मुले साडेअकरा वर्षांची झाली, तेव्हा स्तनपान वाढवल्याने लठ्ठपणा कमी झाल्याचेही दिसले नाही. आजही पत्रकांमध्ये स्तनपानाचे जे लाभ एका दमात छापले जातात, ते सगळे सारख्याच वजनाचे नाहीत.

बेलारूसने दुधाचे महत्त्व दाखवले; चार की सहा, याचा थेट प्रयोग होंडुरासमध्ये झाला होता. चौथ्या महिन्यापासून वरचे अन्न दिलेली बाळे सहा महिने थांबलेल्या बाळांपेक्षा अधिक वाढली नाहीत. अशा अभ्यासांचा क्रेमर आणि रित्सुको काकुमा यांनी आढावा घेतला आणि मे २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सहा महिन्यांचा ठराव केला. त्याच आढाव्यात एक शंकाही नोंदवलेली होती: गरीब देशांतल्या काही बाळांना लोह कमी पडू शकते. ही शंका भिंतीवरच्या वाक्यात कधी उतरली नाही. ज्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे, तिथे ती उतरायला हवी होती.

यावर एक उत्तर तयार असते: शंका सांगितल्या तर आया गोंधळतात, सल्ला सोपा आणि सावध असावा. शेंगदाण्याचा इतिहास या उत्तराला पुरेसा आहे. ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असे ब्रिटनने १९९८ मध्ये आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये सांगितले. पुरावा तुटपुंजा होता. पण टाळण्याने नुकसान काय होणार, असा हिशेब होता. मग लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाला दिसले की इस्रायलमध्ये, जिथे तान्ही मुलेही शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ चघळतात, ही ॲलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांपेक्षा कितीतरी कमी आहे. या गटाने ६४० बाळांवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शेंगदाणा टाळलेल्यांपैकी १७.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, नियमित खाल्लेल्यांपैकी ३.२ टक्के. २०१७ मध्ये अमेरिकेचा सल्ला उलटा झाला. (अख्खा दाणा मात्र बाळाच्या घशात अडकतो, कूटच हवा.) ‘देऊ नका’ हाही उपचारच असतो आणि त्यालाही पुरावा लागतो, हे धोरणकर्त्यांना कळायला दीड दशक लागले.

संशोधनाला पैसा कोण देतो, हेही पाहावे लागते. शिशुआहार बनवणाऱ्या कंपन्यांनी डॉक्टरांच्या परिषदा, शिष्यवृत्त्या आणि संशोधनही पुरस्कृत करू नये, अशी आपल्या कायद्यात तरतूद आहे. ती योग्यच आहे. पण मग ते पैसे सरकारने द्यायला हवेत, आणि इथे आपण कमी पडतो.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळे निव्वळ आईच्या दुधावर होती. आधीच्या सर्वेक्षणात ५४.९. संदेश पोहोचतो आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मात्र ११.३ टक्केच. उष्टावण होते, त्यानंतर वाटीत वरणाचे पाणी किती आणि डाळ किती, अंडे येते का, भरवायला दिवसातून किती वेळा कोणी घरात असते, हे प्रश्न भिंतीवर मावत नाहीत. २०१७ पासून प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे जवळपास तेच सहा महिने. पण ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या पदरात त्यातला एक दिवसही पडत नाही. तिच्या बाळाला अंगणवाडीचे घरपोच पाकीट पुरते, की फडाजवळचे पाळणाघर आणि गरम जेवण जास्त उपयोगी पडते, हे बेलारूसच्या पद्धतीने तपासता येईल: काही तालुक्यांत एक, काहींत दुसरे, आणि दोन्हीकडे दर महिन्याला बाळांचे वजन. साखर आयुक्तालय, आरोग्य आणि महिला-बालविकास या तीन खात्यांनी एका गाळप हंगामात एवढे केले, तरी शिशुआहाराच्या धोरणाला स्वतःच्या मातीतला पुरावा मिळेल.