दूर्वांच्या अंगणात विष कशाला?

भाद्रपद चतुर्थीच्या पहाटे वसाहतीतील मुले हिरवळीवर उतरतात आणि गणरायासाठी एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधतात. शहरातील घराघरांत हे दृश्य अजून टिकून आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु त्याच हिरवळीवर आठवड्यापूर्वी तणनाशक फवारले गेले असेल, तर त्या दूर्वा खुडणाऱ्या बालकांच्या हाताला काय लागते, याचा विचार कोणी केला आहे काय?

नगरांतील सोसायट्या आणि बंगल्यांच्या आवारात रुंद पानांचे तण मारण्यासाठी २,४-डी आणि सरसकट सारे हिरवे जाळण्यासाठी ग्लायफोसेट वापरण्याची सवय पडली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटची गणना 'बहुधा कर्करोगकारक' पदार्थांत केली. अनेक देशांच्या नियामक संस्थांचे मत याहून वेगळे आहे, हे खरे. तथापि ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या केंद्र सरकारनेही त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली होती. शास्त्रज्ञांचा वाद मिटेपर्यंत पीक वाचवू पाहणाऱ्या शेतकऱ्यापुढे पेच असेल. केवळ शोभेच्या हिरवळीसाठी हा धोका पत्करण्याचे कारण काय? आणि धोका पत्करतो कोण? हातमोजे व मुखपट्टीवाचून पाठीवर पंप घेणारा माळी! २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध वेगळे असले, तरी निष्काळजीपणा तोच.

मुळात 'तण' म्हणजे काय, हेही एकदा तपासले पाहिजे. आघाडा, माका, धोत्रा, डोरली या वनस्पती आपण तण म्हणून उपटून फेकतो आणि गणेशपूजेच्या पत्रीसाठी त्याच बाजारातून विकत आणतो. हिरवळीचा शत्रू मानलेला लव्हाळा आयुर्वेदात मुस्ता म्हणून मान्यता पावला आहे; आणि शेतकरी ज्या हराळीला कंटाळतो, तीच आपली दूर्वा. आपल्या पूर्वजांनी परसातील प्रत्येक रोपाला नाव दिले, उपयोग दिला. आपण मात्र ओळख विसरलो आणि बाटली जवळ केली.

खरे संकट आहे ते गाजर गवताचे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते शिरले, असे सामान्यतः मानले जाते. अन्नासाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहणाऱ्या त्या काळाची ही आठवण आज देशभर फोफावली असून त्वचारोग व दमा यांना कारण ठरत आहे. त्याच्या एकेका झाडाला हजारो बिया येतात. म्हणून फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. पावसाळ्याच्या तोंडी टाकळ्याचे बी टाकल्यास टाकळा त्याला दाबून टाकतो. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ मध्ये बंगळुरूत सोडण्यात आले आणि ते उपयुक्त ठरले. रोग परदेशी, उतारही परदेशी! स्वदेशीचा आग्रह म्हणजे ज्ञानाशी वैर नव्हे.

घरच्या हिरवळीसाठी उपाय याहून सोपे आहेत. गवत खरवडून कापू नये; दोन इंच उंची राखली तर जमिनीवर सावली राहते आणि तणाचे बी रुजत नाही. रोज शिंपडण्यापेक्षा थोड्या दिवसांच्या अंतराने भरपूर पाणी द्यावे. तुडवून घट्ट झालेली माती टोचून भुसभुशीत करावी. कच्च्या शेणखतातून तणाचे बी येते, म्हणून पूर्ण कुजलेलेच खत घालावे. वाफसा आल्यावर खुरप्याने लव्हाळ्याच्या गाठी खणून काढाव्यात. एकदा काढून तो जात नाही, पुन्हा पुन्हा काढावा लागतो. फरश्यांच्या सांध्यांतील तणावर उकळते पाणी पुरे. उघड्या पडलेल्या जागी वैशाखातील उन्हात पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे अंथरले, तर मातीतील बरेचसे बी उष्णतेनेच मरते.

याला वेळ लागतो, हे आम्ही नाकारत नाही. फवारणी तासाभरात उरकते. खुरपणीला दोन पावसाळे धीर धरावा लागतो. पण हा धीर एकट्या माळ्याने का धरावा? जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. हे दिवस बहुधा गणेशोत्सवाच्या आगेमागेच येतात. शाखेच्या स्वयंसेवकांनी संघस्थानापासून प्रारंभ करावा, कुटुंबांनी रविवारचा एक तास द्यावा, आजी-आजोबांनी नातवंडांना रोपांची नावे सांगावीत. मातृभूमीची पूजा मातीला हात लावल्यावाचून पुरी होत नाही. यंदा गणरायाच्या मस्तकी वाहिली जाणारी दूर्वा विषमुक्त असेल, एवढा संकल्प तरी आपण करू या!