बोलीचा बाजार आणि दिवाणखान्यांतील पंडित

परभणीच्या मोंढ्यांत कापसाची बोली लागते, आणि परभणीच्या दिवाणखान्यांत आतां माणसांची. पहिल्या बोलीकडे आमच्या सुशिक्षित वर्गाचें फारसें लक्ष नसतें. दुसरीसाठीं मात्र तो जेवणाचें ताट बाजूस सारून बसतो. २०२५ सालच्या मे महिन्याची ३१ तारीख आणि जूनची पहिली, असे दोन दिवस मुंबईस प्रो कबड्डी लीगच्या खेळाडूंचा लिलाव चालला होता. मृग उंबरठ्यावर आलेला, बियाण्यांच्या दुकानांपुढें शेतकऱ्यांनीं ताटकळत उभें राहावयाचे हे दिवस. पण ज्या घरीं आम्ही त्या संध्याकाळीं बसलों होतों, तेथें चिंता होती ती एकच : गुजरातच्या संघानें इराणच्या महंमदरेझा शादलूसाठीं २ कोटी २३ लाख रुपये मोजले, हें शहाणपण कीं उधळपट्टी ?

घरचे यजमान वकिली करतात. वकीलसाहेबांनीं एका वहींत बाराहि संघांचीं नांवें लिहून प्रत्येकापुढें दहांपैकीं गुण मांडले होते. स्पर्धा सुरू व्हावयास अद्याप जवळजवळ तीन महिने अवकाश होता. एकहि चढाई झाली नव्हती, एकहि पकड झाली नव्हती. निकालपत्र मात्र तयार ! ‘जगांत जर्मनी, भारतांत परभणी’ ही आमच्या गांवची फुशारकी प्रसिद्धच आहे. खटला उभा राहण्यापूर्वींच निकाल देण्याच्या कामीं तरी ती अगदींच पोकळ नाहीं, अशी त्या संध्याकाळीं आमची खात्री पटली.

हा एका घरचा प्रकार असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु लिलाव, निवड, आणि त्या निवडीवर गुण देणें ही आतां एक स्वतंत्र विद्या होऊन बसली आहे, आणि तिचे पंडित घरोघर आढळतात. त्यांच्याशींच आमचा वाद आहे.

या विद्येचें मूळ पीठ अमेरिकेंत. तेथें ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो बहुतांशीं हातांनींच खेळला जातो. तेव्हां त्याच्या इतर गोष्टीहि उफराट्या असल्यास नवल नाहीं. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांचा संघ सदा हरत असे. त्यांनीं १९३५ सालीं अशी युक्ति काढली कीं, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची संघांनीं पाळीपाळीनें निवड करावी, आणि जो संघ शेवटचा आला असेल त्याची पाळी पहिली. यासच ड्राफ्ट म्हणतात. युक्ति न्यायाची होती, आणि तिच्या जनकाच्या सोयीचीहि. १९३६ सालीं पहिला ड्राफ्ट झाला. पहिली पाळी अर्थातच फिलाडेल्फियाची. त्यांनीं त्या काळचा सर्वांत नांवाजलेला गडी जे बरवांगर यास निवडलें. हा गृहस्थ व्यावसायिक फुटबॉलचा एकहि सामना कधीं खेळला नाहीं ! पुढें २००० सालच्या ड्राफ्टमध्यें १९८ जण निवडले गेल्यावर टॉम ब्रेडी नांवाच्या तरुणाची पाळी आली. त्यानें सात वेळां अजिंक्यपद मिळविलें. ज्या विद्येचा श्रीगणेशाच असा, तिच्या पंडितांनीं थोडें जपून बोलावें, एवढी अपेक्षा फार नव्हे.

आपल्याकडेहि दाखले आहेत. २०१७ सालीं मुंबईस इंडियन सुपर लीगच्या फुटबॉल संघांनीं ठरलेल्या किंमतीस पाळीपाळीनें देशी खेळाडू निवडले होते. त्याहून बोधप्रद गोष्ट २००८ सालची. आयपीएलच्या पहिल्या हंगामापूर्वीं एकोणीस वर्षांखालील क्रिकेटपटूंचा ड्राफ्ट झाला. जगज्जेत्या युवक संघाचा कर्णधार विराट कोहली हा दिल्लीचा. दिल्लीनें त्यास सोडून प्रदीप संगवान हा गोलंदाज घेतला, आणि कोहली बंगळूरकडे गेला. आज यावर सारे हंसतात. आम्ही हंसत नाहीं. फलंदाज हाताशीं असतां गोलंदाज घेणें हा अविचार नव्हता. त्या दिवशीं पाहणाऱ्यास तें शहाणपणच दिसलें असतें. आणि ज्या बंगळूरची निवड अचूक ठरली, त्यासहि चषकासाठीं २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. निवडीचें फळ अठराव्या वर्षीं पिकतें. आमचे पंडित अठरा मिनिटांत गुण देऊन मोकळे होतात.

आतां कबड्डीचा हिशेब पाहूं. २०२२ सालीं तामिळ संघानें पवन सेहरावत या गड्यास २ कोटी २६ लाखांस घेतलें. तोंवर या लीगमध्यें एवढी बोली कोणासहि लागली नव्हती. पहिल्याच सामन्यांत त्याच्या गुडघ्यास दुखापत झाली आणि सारा हंगाम त्यास बाहेर बसावें लागलें. संघ बुडाला, असें पंडितांस वाटलें असेल. प्रत्यक्षांत तो संघ त्याच हंगामांत प्रथमच उपांत्य फेरीपर्यंत पोंचला. पुढील वर्षीं याच सेहरावतच्या नेतृत्वाखालीं भारतानें हांगचौच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकलें, आणि लागलींच तेलुगू संघानें त्यास २ कोटी ६० लाख ५० हजारांस घेतलें. प्रत्येक संघाची थैली ५ कोटींची. सातांच्या खेळांत एकावर अर्ध्याहून अधिक थैली रिती झाली. उरलेल्या पैशांत बाकीचा सारा संघ. परिणाम : २२ सामन्यांत अवघे दोन विजय, आणि बारांत बारावें स्थान. यांत त्या गुणी खेळाडूचा दोष नाहीं. एकच बैल कितीहि भारी घेतला तरी औत जोडीवांचून चालत नाहीं, हें परभणी जिल्ह्यांतील कोणताहि शेतकरी फुकट सांगेल.

यावर वकीलसाहेबांचा युक्तिवाद असा : “पण शादलूचें काय ? २०२३ सालीं पुण्यानें त्यास २ कोटी ३५ लाखांस घेतलें आणि पुणें जिंकलें. २०२४ सालीं हरियाणानें २ कोटी ७ लाखांस घेतलें आणि हरियाणा जिंकलें. किंमत हेंच गुणाचें माप, हें सिद्ध झालें कीं नाहीं ?” दाखला खरा आहे, आणि आम्ही तो टाळीत नाहीं. परंतु पुण्याच्या त्या विजयांत अहिल्यानगर जिल्ह्यांतील असलम इनामदार हा तरुण कर्णधार होता, मोहित गोयत होता, आणि एकमेकांच्या सवयीचे झालेले इतर तरुण गडी होते. त्यांची बोली कोणास पाठ आहे ? शिवाय तिसऱ्या वर्षीं तोच शादलू गुजरातकडे असतां अजिंक्यपद दिल्लीकडे गेलें. किंमत म्हणजे खरेदीदाराचा अंदाज. तो कधीं खरा ठरतो, कधीं खोटा. अंदाजास माप म्हणावयाचें तर भेंडवळच्या घटमांडणीस हवामानशास्त्र म्हणावें लागेल; आणि तेथील भाकीत निदान सुगीच्या वेळीं लोक आठवणीनें पडताळून तरी पाहतात.

येथें दुसरा एक पक्ष उभा राहतो. “माणसांचा लिलाव ! छी छी !” असें म्हणून तो कानांवर हात ठेवतो. त्यांच्याहि पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. हुतूतूचे नियम बांधण्यांत आणि त्यास देशभर मान मिळवून देण्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा. बुवा साळवींनीं त्यासाठीं आयुष्य वेंचलें. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस आपण कबड्डीदिन म्हणून पाळतों. पण त्या काळच्या खेळाडूच्या हातीं काय पडे ? ढोपरांवरचे वण, आणि नशीब असल्यास रेल्वेंत किंवा पोलिसांत नोकरी. आज चंदगड तालुक्यांतील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ सालीं ३६ लाखांवर आणि २०१९ सालीं १ कोटी ४५ लाखांवर जातो, याचा आम्हांस आनंदच होतो. मातींत अंग घासणाऱ्याच्या घरीं लक्ष्मी आली तर नाक मुरडणारे आम्ही कोण ?

मग आमची तक्रार कोणती ? ती मोंढ्यांत उभें राहिल्यावाचून कळावयाची नाहीं. तेथें कापसाचा धनी आपल्या गाडीजवळ उभा असतो. भाव पटला नाहीं तर “द्यावयाचा नाहीं” असें म्हणून गाडी परत नेण्याचा त्यास अधिकार आहे; गरजेपोटीं तो पुष्कळदां वापरतां येत नाहीं, ही गोष्ट निराळी. खेळाडूच्या लिलावांत माल तोच आणि धनीहि तोच. तरी “मला या गांवीं जावयाचें नाहीं” असें बोली संपल्यावर म्हणण्याची सोय त्यास नाहीं. कापसाच्या धन्यास जो शब्द आहे तो चढाईपटूस नाहीं. पैसे अधिक, शब्द कमी, असा हा सौदा आहे. त्यावर एक अक्षर न काढतां केवळ भावाची चर्चा करणें हें आम्हांस सुशिक्षितांचें लक्षण वाटत नाहीं.

आणि हमीभावाचें तरी काय ? लिलावांत वर्गवारीप्रमाणें ३० लाखांपासून ९ लाखांपर्यंत मूळ किंमत ठरलेली असते. भाव जाहीर आहे, पण घेणारा कोणी नाहीं, हा प्रकार मराठवाड्यांतील शेतकऱ्यास नवा नाहीं. २०२५ च्या त्याच लिलावांत प्रदीप नरवालचें नांव पुकारलें गेलें. पाटण्याच्या सलग तीन अजिंक्यपदांत ज्याचा सिंहाचा वाटा, चढाईचे १८०० हून अधिक गुण मिळवून जो या लीगच्या इतिहासांत सर्वांपुढें, ज्यास २०२१ सालीं १ कोटी ६५ लाखांची विक्रमी बोली लागली होती, तो हा गडी. त्या दिवशीं एकाहि संघानें हात वर केला नाहीं. थोड्याच दिवसांत त्यानें निवृत्ति जाहीर केली. व्यवहार म्हणून संघांचें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. वय झालें, वेग उतरला. पण त्या क्षणीं आमच्या दिवाणखान्यांत हंशा पिकला ! ज्याच्या चढाईवर याच मंडळींनीं वर्षानुवर्षें टाळ्या पिटल्या, त्याच्या न विकलें जाण्याचा विनोद झाला. आम्हीहि त्या हंशांत होतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. हा लेख पुष्कळसा त्याच लाजेंतून लिहिला आहे.

आमचा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. त्या राज्याच्या राजधानींत सय्यद अब्दुल रहीम नांवाचे एक गृहस्थ होते. पेशानें शिक्षक. त्यांनीं घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस या फुटबॉल संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पांच वेळां रोव्हर्स चषक जिंकला. त्यांच्याच शिकवणीखालीं भारताचा संघ १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें चौथा आला आणि १९६२ सालीं जाकार्त्यास सुवर्णपदक घेऊन आला. त्यांच्यापुढें लिलाव नव्हता, थैली नव्हती, गुणपत्रक नव्हतें. मैदानाच्या कडेला उभें राहून पोरें खेळतांना पाहावयाचीं, आणि त्यांतून गडी ओळखावयाचा, एवढीच त्यांची निवड. असें पाहण्यास वेळ लागतो आणि ऊनहि लागतें. पंख्याखालीं बसून तें होत नाहीं.

आतां त्या वहीची हकीकत सांगून संपवितों. ऑक्टोबरच्या ३१ तारखेस दिल्लीनें पुण्यास अंतिम सामन्यांत हरविलें. दुसऱ्या दिवशीं आम्ही मुद्दाम वकीलसाहेबांकडे गेलों आणि वही मागितली. वही रद्दींत गेली होती. दिल्लीस त्यांनीं दहांपैकीं चार गुण दिल्याचें आम्हांस आठवत होतें. त्यांना तें मुळींच आठवत नव्हतें. आमचा स्वतःचा आंकडा तीन होता, तो आम्हींहि काढला नाहीं.

परत निघतांना त्यांचा धाकटा मुलगा दारांत भेटला. नववींत आहे, शाळेच्या संघांत चढाईस जातो, आणि चांगला जातो, असें त्याचे मित्र सांगतात. दोन्ही ढोपरें फुटलेलीं. लिलावाच्या त्या संध्याकाळीं तो शेजारच्या खोलींत गणिताच्या शिकवणीस बसविलेला होता. “कबड्डीनें पोट भरत नाहीं,” असें त्यास बजावून वकीलसाहेब बाहेर येऊन इराणच्या गड्यास गुण देत होते. त्याचा एकहि सामना त्यांनीं आजवर पाहिलेला नाहीं.

वाचकहो, पुढील लिलावाच्या वेळीं गुण अवश्य द्या. पण ते कागदावर लिहून पाकिटांत बंद करा आणि अंतिम सामन्याच्या रात्रीं चारचौघांत फोडा. आणि मधल्या एखाद्या रविवारीं घरच्या किंवा शेजारच्या पोराचा एक सामना शेवटपर्यंत उभें राहून पाहा. आम्हीं येत्या रविवारीं वकीलसाहेबांस बरोबर नेण्याचें ठरविलें आहे. ते अद्याप हो म्हणालेले नाहींत.