कालवांना वाली होता, गोगलगायींना नव्हता

इंग्लंडमधल्या प्लिमथच्या किनाऱ्यावर 1970 मध्ये एका संशोधकाला विपरीतच काही दिसले. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे लिंग फुटले होते. ही वाढ अंडवाहिनीचे तोंड बुजवते, अंडी आत अडकतात आणि मादी मरते. प्लिमथच्या गोगलगायींबाबत यामागचा गुन्हेगार पक्का व्हायला 1986 उजाडले. शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून जहाजांच्या बुडाला लावायच्या रंगात ट्रायब्युटिल टिन असे, तेच पाण्यात उतरत होते.

हा रेणू पेशीतल्या एका ग्राहीला चिकटून संप्रेरकाचा खोटा निरोप देतो. पेशी तो खरा मानते आणि कामाला लागते. त्यासाठी लिटरमागे जेमतेम एक नॅनोग्रॅम पुरतो, म्हणजे शंभर कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम! ‘प्रमाण तर नगण्य आहे’ हे रसायन उद्योगाचे ठेवणीतले उत्तर इथे लंगडे पडते, कारण संप्रेरकांचा सारा कारभार नगण्य प्रमाणातच चालतो.

पहिली बंदी मात्र गोगलगायींसाठी आली नाही. फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरात याच रंगामुळे कालवांची पिल्ले जगेनात, कवचे बेढब जाड होऊ लागली, धंदा बुडाला. मग 1982 मध्ये सरकार हलले आणि 25 मीटरपेक्षा लहान बोटींना हा रंग वर्ज्य झाला. कालवांना गिऱ्हाईक होते. गोगलगायींसाठी कोण भांडणार? मोठ्या जहाजांवरची जागतिक बंदी अमलात आली ती थेट 2008 मध्ये. त्याआधीच, 1999 मध्ये, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हीच विकृती भारतीय समुद्रातल्या एका शंखात नोंदवली होती. त्याचे शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस, म्हणजे अगदी आपल्या घरचा.

बंदी निरुपयोगी नव्हती. ब्रिटनच्या कित्येक किनाऱ्यांवर गोगलगायी परतल्या. पण एकेका रसायनामागे असे धावत राहणे हा खुळेपणाच आहे. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल ए (बीपीए) हे प्लास्टिकमधले रसायन हटवले गेले आणि अनेक वस्तूंमध्ये त्याच्या जागी बिस्फेनॉल एस आले. तेही शरीरात इस्ट्रोजेनची नक्कल करते. लेबलवर मात्र ‘बीपीए-मुक्त’ असे ऐटीत छापता येते.

म्हणून बंदी एका नावावर नको, अख्ख्या रासायनिक कुळावर हवी. आणि कीटकनाशक असो, रंग असो की प्लास्टिक, संप्रेरकांवरच्या परिणामांची चाचणी बाजारात येण्याआधीच सक्तीची हवी. तिचा खर्च उत्पादकाने उचलावा आणि चाचणी त्याच्या पगारावर नसलेल्या प्रयोगशाळेत व्हावी.