चला, इंग्रजी शिकू या : बाबांच्या कामाला ‘एस’ लावा

अकोल्याच्या एका मुलीने मुलाखतीत सांगितले, “माय फादर वर्क इन अ जिनिंग फॅक्टरी.” समोरचे हसले. त्या दिवसापासून मुलगी चारचौघांत इंग्रजी बोलेनाशी झाली. तिचे वडील आम्हाला म्हणाले, “भाऊ, माह्या कामाचं सांगतानीच पोरगी चुकली नं!”

वाचकहो, आमच्या मते ही चूक अज्ञानाची नाही, आदराची आहे. आपण ‘बाबा काम करतात’ म्हणतो. माणूस एक, पण आदरासाठी क्रियापद अनेकवचनी. इंग्रजीत आदर क्रियापदात दाखवीत नाहीत. वडील असोत, गुरुजी असोत की कलेक्टर, माणूस एक असला की ‘ही’ किंवा ‘शी’. म्हणून, माय फादर वर्क्स.

साध्या वर्तमानकाळाचा नियम एवढाच. आय, वुई, यू, दे यांच्यापुढे मूळ क्रियापद ठेवा. ही, शी, इट किंवा एकाच व्यक्तीचे, वस्तूचे नाव असेल तर ‘एस’ जोडा. शब्दाच्या शेवटी एसएस, एसएच, सीएच, एक्स किंवा ओ असेल तर ‘ईएस’ जोडा : वॉशेस, टीचेस, गोज. व्यंजनानंतर वाय आला तर वाय काढून ‘आयईएस’ : स्टडीज. प्लेमध्ये वायच्या आधी स्वर आहे, म्हणून नुसता एस. हॅवचे मात्र हॅज होते. एक सोय अशी की, मराठीत तो जातो, ती जाते. इंग्रजीत दोघांनाही गोज.

हा काळ कोठे वापरावा? रोजच्या सवयीसाठी : माय मदर गेट्स अप ॲट फाइव्ह. नेहमीच्या सत्यासाठी : कॉटन ग्रोज इन ब्लॅक सॉइल. ठरलेल्या वेळापत्रकासाठी : द ट्रेन स्टॉप्स ॲट बडनेरा. आई या क्षणी स्वयंपाक करीत असेल तर मात्र शी इज कुकिंग. आणि ‘आय ॲम गो’ असे कधीही म्हणू नये.

प्रश्न किंवा नकार असेल तेव्हा डू, डज येतात. एस एकच असतो. तो डजने घेतला की क्रियापदाला उरत नाही. डज शी वर्क? शी डज नॉट वर्क. ‘डज शी वर्क्स’ चूक.

आमच्या पिढीला एबीसीडी पाचवीत भेटली. राज्यात सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. तरी घरी विचारायला कोणी नसेल तर मूल अडतेच. पालकांनो, तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी कान आहेत. आज रात्री मुलांना आई-बाबांच्या कामावर पाच वाक्ये बोलायला लावा. वर्क्स, गोज, कुक्स. क्रियापदाच्या शेवटी स किंवा ज ऐकू आला नाही तर थांबवा, पण हसू नका.

ती मुलगी आता आमच्या रविवारच्या वर्गात लहानांना हाच धडा शिकवते. पहिले वाक्य बाबांच्या कामाचेच असते.

पुढील अंकी साधा भूतकाळ.