पिंपल्सवरची 'ती' ट्यूब

पिंपल्स आले की आपण काय करतो? मेडिकलमध्ये जातो आणि 'ती चेहऱ्याची ट्यूब द्या' म्हणतो. भोर असो की वेल्हे (आताचा राजगड तालुका), सीन सेम. बारावीत मीही तेच केलं. चार दिवसांत चेहरा एकदम क्लीन! ट्यूब बंद केली आणि दुप्पट फोड आले, वर आग वेगळीच.

कारण त्यात स्टेरॉइड होतं. ते लाली, सूज दाबतं. मूळ दुखणं तसंच राहतं. हार्मोन्समुळे त्वचेतलं तेल वाढतं, रंध्रं बुजतात, आत बॅक्टेरिया वाढतात. स्टेरॉइडने यातलं काहीच थांबत नाही, उलट त्वचा पातळ होते, गालावर लव वाढते. भातलावणीच्या दिवसांत ओल्या कपड्यांनी होणाऱ्या गजकर्णाला तीच ट्यूब लावली, तर बुरशी आणखी पसरते.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड क्रीम्स 'शेड्यूल एच'मध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. कागदावर तरी! पण एकट्या दुकानदाराला झोडून काय होणार? केळद-पासलीच्या मुलीने ससूनची ओपीडी गाठायची तर अख्खा दिवस जातो, कॉलेज बुडतं ते वेगळं. आणि घरी सांगणार काय, 'पिंपल्ससाठी पुण्याला चाललेय'?

ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही लिहिलंय का, आधी बघा. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापॅलीन ही पिंपल्सवरची खरी औषधं. फरक दिसायला आठ-बारा आठवडे लागतात, चार दिवस नाही.