साक्षीदार फितूर होतो, धागा होत नाही

पनवेल तालुक्यातील आपट्याहून पाताळगंगेची औद्योगिक वसाहत फार लांब नाही. तिथे १९८२ पासून पॉलिस्टरचा धागा तयार होतो. हा धागा आज कष्टकऱ्याच्या शर्टात, आयाबहिणींच्या साडीत आणि आपल्या निळ्या झेंड्यातही आहे. खुनाच्या किंवा बलात्काराच्या खटल्यात हाच धागा पुरावा ठरू शकतो, याची चर्चा मात्र आपल्या चळवळीत क्वचितच होते. ती व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

दोन वस्तूंचा संपर्क आला की एकीचा अंश दुसरीवर उरतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ लोकार यांचा सिद्धांत न्यायवैद्यक शास्त्राचा पाया आहे. झटापट झाली की एकाच्या कपड्याचे तंतू दुसऱ्याच्या अंगावर, नखांत, गाडीच्या सीटवर जातात. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो, लोकरीवर खवले असतात, तर पॉलिस्टर आणि नायलॉन सहसा गुळगुळीत असतात. कृत्रिम तंतूचा छेद कधी गोल, कधी त्रिकोणी असतो. अवरक्त किरणांच्या तपासणीतून रसायन कळते आणि रंगाच्या वर्णपटावरून दोन तंतूंची तुलना होते.

अमेरिकेतील अटलांटा शहरात कृष्णवर्णीय मुलांचे आणि तरुणांचे एकामागून एक खून झाले. १९८२ मध्ये त्यांपैकी दोन खुनांसाठी वेन विल्यम्स दोषी ठरला. त्या खटल्यात त्याच्या घरातील गालिच्याचे हिरवट नायलॉन तंतू हा प्रमुख पुरावा होता. तो गालिचा सर्रास आढळणारा नव्हता, म्हणून त्या पुराव्याला वजन आले. पांढरा सुती धागा किंवा निळ्या जीनचा तंतू घरोघरी असतो. त्यावरून फारसे सिद्ध होत नाही. तंतू सहसा एकाच माणसाकडे बोट दाखवत नाही. तो इतर पुराव्यांना बळ देतो.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा जोडताना तोंडाशी न्यावा लागे, त्याला थुंकी लागे, आणि त्याचा इतरांना विटाळ होई. हा अन्याय बाबासाहेबांनी गिरणी संपाच्या काळात कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. धाग्याला लागलेला आपला स्पर्श ज्या व्यवस्थेला लगेच दिसत होता, तिला आपल्या माणसांच्या प्रेतावरचे मारेकऱ्याचे तंतू का दिसत नाहीत?

२८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या मुलाचा मृतदेह झाडाला लटकलेला सापडला. खुनाच्या खटल्यातील आरोपी नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. ज्यांच्या शेतावर पोट आहे त्यांच्याविरुद्ध गावात राहून साक्ष देणे किती कठीण, हे आम्ही जाणतो. म्हणूनच निर्जीव पुरावा महत्त्वाचा. गळफासाच्या प्रकरणात दोराचे तंतू मृताच्या हातांवर आहेत का, फांदीवर घासलेल्या दोराचे तंतू कोणत्या दिशेला वळले आहेत, यावरून माणसाने स्वतः फास घेतला की त्याला वर ओढले, याचा अंदाज बांधता येतो. पण गाठ सोडली, दोर गुंडाळून फेकला, की तो अंदाजही गेला.

२००६ च्या खैरलांजी हत्याकांडात तर मृतदेह कालव्यात टाकले गेले. पहिले शवविच्छेदन इतके सदोष होते की पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. पाण्याने आणि उशिराने जो पुरावा जातो, तो कोणताही मोर्चा परत आणू शकत नाही. जिवंत, हालचाल करणाऱ्या माणसाच्या कपड्यावरूनही बहुतेक परके तंतू पहिल्या काही तासांतच गळतात.

म्हणून घटना घडल्यावर घोषणांइतकीच तपासाची भाषा आपल्याला यायला हवी. पीडितेचे कपडे धुऊ नयेत. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात सीलबंद व्हावा. प्लास्टिकमध्ये ओल धरते. दोर गाठीपासून दूर कापावा. आरोपीचे कपडेही तातडीने जप्त व्हावेत आणि दोघांचे कपडे एकाच टेबलावर ठेवू नयेत. कार्यकर्त्यांनी स्वतः कशालाही हात लावू नये, पण पंचनाम्यात हे सगळे आले का ते पाहावे.

कायदा आपल्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, पण अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. ॲट्रॉसिटीच्या प्रत्येक गंभीर गुन्ह्यात तज्ज्ञ पोहोचलाच पाहिजे, ही मागणी आपण आजच लावून धरू. पुरावा जाणूनबुजून नाहीसा करणे हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(६) खाली गुन्हा आहे, आणि कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे. ही कलमे अर्जात लिहा, पोहोच घ्या.

आपल्या वस्त्यांतली मुले रसायनशास्त्र शिकत आहेत. त्यांनी कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतल्या नोकरीचेही स्वप्न पाहावे. 'शिका' याचा अर्थ सूक्ष्मदर्शकात पाहायला शिका, असाही आहे.

जयभीम!